चटका लागत नाही म्हणून

माझ्या डाव्या पायाला चार बोटं आहेत. पाचवं कसं गेलं आणि बाकीची कशी राहिली, ते सांगायला बसले आहे. रडगाणं गाणार नाही. उलट सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. ज्या गोष्टींनी माझा पाय वाचला त्या इतक्या साध्या आहेत, की त्या कळल्या तेव्हा भर रस्त्यात उभं राहून ओरडावंसं वाटलं होतं. ओरडायची मला सवय आहे. मी पत्रकांच्या घरात वाढले.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या दोन खोल्या. बाबा एका रसायनांच्या कारखान्यात फिटर आणि युनियनचे चिटणीस. घरात गाद्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. पाहुणे आले की गठ्ठ्यांवरच बसत. शाळेत 'अ' अननसाचा शिकवला, पण तोवर मला अन्यायाचा 'अ' पाठ झाला होता. प्रेसमधून प्रूफ आलं की बाबा ते खिडकीपाशी नेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढत आणि एकेक ओळ बोटाने सरकवत वाचत. एक काना चुकला तरी परत. सगळं नीट असलं की म्हणत, "चूक नाही. छापायला हरकत नाही." हे ऐकलं की आई चहा टाकायची.

बारा वर्षांची असताना मला शुगर निघाली. तेव्हापासून काचेची सिरिंज उकळणं, मांडीत सुई, आणि सकाळी परीक्षानळीत निळं औषध घेऊन, त्यात लघवीचे थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर तापवणं, हे आमच्या घरी पूजेसारखं रोज. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर जरा जास्त. विटकरी लाल झालं तर फारच साखर. पहिल्यांदा लाल झालं तेव्हा मी टाळ्या पिटल्या. लाल रंग आपला, एवढंच मला ठाऊक! आई मात्र पदर तोंडाला लावून बसली.

पुढे कॉलेज, मोर्चे, सभा. सभा असली की जेवण नाही, जेवण नाही म्हणून इंजेक्शन नाही, आणि सभा संपली की वडापाव. "मला काही होत नाही," हे माझं पालुपद. होत होतं. मला कळत नव्हतं. या दोहोंतला फरक समजायला एक बोट द्यावं लागलं.

*

मी चोवीस वर्षांची असताना बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं. मे महिना होता. बैठकीत ठरलं, की कंपनीने दिलेले बूट कंपनीच्या गेटपुढे रचून ठेवायचे आणि तिथून उल्हासनगरच्या कचेरीपर्यंत अनवाणी चालत जायचं. कल्पना माझी. पत्रकही मीच लिहिलं: 'तुमचे बूट तुम्हालाच लखलाभ! चटका आम्हाला नाही, तुम्हाला बसेल!' प्रूफ वाचून बाबांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

गेटपुढे बुटांचा ढीग झाला. पार पुरुषभर उंच. मी कंपनीची नोकर नव्हते, म्हणून माझ्या चपला आईच्या पिशवीत टाकल्या. भर बाराला आम्ही निघालो, आणि दहा मिनिटांत मोर्चाची रांग मोडली. डांबर पाघळलं होतं. चांगले दणकट वेल्डर टुणटुण उड्या मारत कडेच्या गवतावर पळत होते. कोणी पानाच्या टपरीच्या सावलीत उभं राहून तळवे फुंकत होतं, कोणी ओल्या फडक्याने पाय बांधत होतं. मी मात्र रस्त्याच्या मधोमध, एका लयीत, घोषणा देत. मला चटका लागतच नव्हता!

मला वाटलं, हाच तो निर्धार. पत्रकातून इतकी वर्षं आपण लिहितो तो हाच.

"अरे, त्या पोरीकडे बघा जरा!" बाबांचे एक मित्र गवतातून ओरडले. "तुमच्या टाचा काय लोण्याच्या आहेत? ती बघा, लोखंडाची आहे."

"माझी पोरगी आहे," बाबा म्हणाले. ते स्वतः एका पायावर उभे होते.

तेवढी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई केर काढताना थांबली. "पाणी कुठे सांडलंस गं?"

"मी नाही."

फरशीवर ओले ठसे होते. ते मोरीपासून नव्हे, माझ्या अंथरुणापासून सुरू होत होते. आईने मला खाली बसवून पाय उलटा केला. तळव्यावर पापडाएवढाले फोड, त्यातले दोन फुटून पाणी वाहत होतं.

"दुखत नाही?"

"छे," मी म्हणाले. आणि लाज वाटते सांगायला, ते मी अभिमानाने म्हणाले.

हळद लावली, फडकं बांधलं, आणि मी पुढच्या सभेला गेले. तीन आठवड्यांनी घरात वास येऊ लागला. आई म्हणाली, गठ्ठ्यांमागे उंदीर मेलाय. आम्ही तिघांनी मिळून सगळे गठ्ठे बाहेर काढले. भिंत पुसली, कोपरे धुतले, फिनेल टाकलं. उंदीर सापडेना. बाबा दमून गठ्ठ्यावर टेकले आणि माझ्या पायाकडे बघत राहिले.

वास माझ्या पायाला येत होता.

*

इस्पितळात मोठ्या सर्जननी पाय बघितला आणि माझ्याशी न बोलता बाबांना सांगितलं, की विष वर चढत असेल तर गुडघ्याखाली कापावा लागेल. बाबांनी आयुष्यात व्यवस्थापनाच्या कुठल्याही माणसापुढे मान खाली घातली नव्हती. तिथे घातली.

त्या इस्पितळात शुगरचे पेशंट बघायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. डॉ. करंदीकर. त्यांचा स्वतःचा दवाखाना बदलापूरला, कुळगावात. बुटक्या, भरभर बोलणाऱ्या, खांद्याला पुरुषी पिशवी. त्यांनी पिशवीतून एक चिमट्यासारखा पोलादी काटा काढला, टेबलावर आपटला आणि थरथरता दांडा माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवला.

"काय वाटतं?"

"झिणझिणतंय. मधमाशी बसल्यासारखं."

"डोळे मीट. आता पायाच्या अंगठ्यावर ठेवते. वाटलं की सांग."

मी डोळे मिटून थांबले. बरीच थांबले. "ठेवा की, बाई."

"ठेवलाय," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले. काटा माझ्या अंगठ्यावर होता आणि दिसेल इतका थरथरत होता. शुगर निघाली तो दिवस मला नीट आठवत नाही, पण हा क्षण काल घडल्यासारखा आठवतो. डांबर आठवलं. घोषणा आठवल्या. माझ्या निर्धाराचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. माझे पाय फक्त बहिरे झाले होते.

"दुखणं म्हणजे पहारेकरी," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं साखर चढीच राहिली, म्हणून तुझा पहारेकरी संपावर गेलाय."

मी कशी काय बोलले कोण जाणे, पण बोलले, "मागण्या काय आहेत त्याच्या?"

बाई पहिल्यांदा हसल्या. "साखर आटोक्यात. वेळेवर जेवण, वेळेवर सुई. पण सगळ्या मागण्या मान्य केल्या तरी तो कामावर परत येईलच असं नाही हां. तोवर पहारा तू करायचा. डोळ्यांनी."

मग त्या सर्जनशी बोलल्या. बरंच बोलल्या, आवाज चढवूनही. ठरलं, की आधी अंगठ्याशेजारचं बोट काढायचं, कारण त्याचं हाडच नासलं होतं, आणि मग जखम साफ ठेवून वाट बघायची. जाताना बाई मला म्हणाल्या, "पाय अजून हातचा गेलेला नाही. पण यात माझं काम थोडं आहे आणि तुझं फार."

मला भीती वाटत होती. पण भीतीच्या खालून काहीतरी उसळत होतं. काम! मला काम दिलं होतं! पडून राहून नशिबाची वाट बघायची नव्हती.

*

बोट गेल्यावर आई रडली ती वेगळ्याच कारणासाठी. "त्याच बोटात जोडवं घालतात गं," ती म्हणाली. "आता लग्नात काय करायचं?"

दोनच वर्षांपूर्वी मी 'जोडवी कोणाच्या मालकीची खूण?' असं पत्रक काढून बायकांत वाटलं होतं. आई त्यावरून महिनाभर रुसली होती. आता मी पडल्या पडल्या म्हणाले, "बघ, तत्त्वासाठी जोडवं नाकारायचा माझा हक्कसुद्धा गेला."

आई रडता रडता फिस्सकन हसली. मग दोघीही इतक्या हसलो, की सिस्टर धावत आल्या. "हे काय चाललंय? बाकीच्यांना झोपू द्या!" असं म्हणून त्याही थांबल्या, आणि कारण कळल्यावर पदराआड हसल्या. त्या वॉर्डातली ती पहिली बरी दुपार.

रोज सकाळी ड्रेसिंग. पेरॉक्साइड टाकलं की जखमेतून पांढरा फेस उसळायचा. शेजारच्या खाटांवरच्या बायका ड्रेसिंगची ट्रॉली आली की कण्हायला लागायच्या. मला काही वाटायचं नाही, आणि ते वाटत नाही याचंच आता भय वाटायचं. एकदा वाकून जखमेच्या कडेला गुलाबी रंग दिसला. "सिस्टर, हे काय?" "नवीन मांस. चांगलं आहे ते." मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले. वॉर्डबॉयला, चहावाल्याला, कुणाच्या तरी सासऱ्याला. गुलाबी! गुलाबी!

बाबा रोज यायचे, उशाशी बसायचे, वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. पायाकडे मात्र बघायचे नाहीत. ड्रेसिंगची वेळ झाली की "बिडी ओढून येतो" म्हणून उठायचे. एक दिवस आई त्यांना दारातच भेटली. मला वाटलं नव्हतं ती असं बोलेल.

"मोर्चात 'माझी पोरगी' म्हणून मिरवलात ना? मग हा पाय पण तुमच्याच पोरीचा आहे. बघा की!"

बाबा वळले. जिना उतरून गेले. दोन दिवस आलेच नाहीत. बाहेरच्यांशी लढायची आम्हाला सवय होती, घरातल्या घरात लढायची नव्हती.

माझ्या शेजारच्या खाटेवर बारकूबाई होती. पालेगावची, साठीची, भातशेतीत आयुष्य काढलेली. तिच्या टाचेला भोक पडलं होतं.

"तुझा पाय कशाने?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"मना उंदरानी खाल्ला," ती म्हणाली. जणू पाहुणा जेवून गेला. "निजलू होतू. सकाली सून आरडली, आई, तुजे पायाला रगत! मना सपनानपन समजला नाय. त्याचे आदी चप्पल गलून परायची पायातशी, चार पावलां पुढं जेल्यावर समजं. मी म्हटला, भूत लागला."

तिला भूत वाटलं, मला निर्धार वाटला. शिकलेली कोण आणि अडाणी कोण, हे त्या दोन खाटांच्या मध्ये उभं राहून कोणी सांगावं!

*

घरी सोडताना करंदीकरबाईंनी एक चिठ्ठी दिली. "उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये परसरामदादा म्हणून आहेत. चपला बनवतात. त्यांच्याकडे जा. तू आणि बारकूबाई, दोघीही. आणि त्या चपलांशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा."

कुबड्या घेऊन आईबरोबर गेले. अरुंद गल्ली, दोन्हीकडे शिलाई मशिनींची घरघर, चपला चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास. परसरामदादांच्या दुकानात लेडीज चपलांच्या डझनाच्या थप्प्या. पांढरी दाढी, कानाला पेन्सिल.

"अचो बेटी, बैठो. डॉक्टरबाईची चिठ्ठी? मग पाय दाखव, शरमाने का नहीं."

त्यांनी माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. आई "अहो, अहो" करत राहिली. माप काढायला कागद हवा होता. माझ्या शबनम पिशवीत कायम असतो तो कागद होता. त्यांनी पत्रक उलटं केलं, त्यावर माझा पाय ठेवला आणि पेन्सिल फिरवली. एका बाजूला 'चटका आम्हाला नाही', दुसऱ्या बाजूला चार बोटांचा माझा पाय.

मग त्यांनी काळ्या रबराचा तुकडा माझ्या हातात दिला. "दबा अंगूठे से. बघ कसा बसतो आणि परत उठतो? तुझा वजन एकाच जागी नाही पडणार, सगळीकडे वाटला जाणार. खिळा एकपण नहीं मारता मैं. सब सिलाई और चिपकाना. मागे पट्टा, म्हणजे निकलेगा नहीं. लेबल लगा दूँ? इम्पोर्टेड दिखेगा."

वजन वाटून घेणारी चप्पल! एकाच बिंदूवर भार येऊ न देता सगळ्यांनी मिळून उचलायचा! अहो, हे तर मी पत्रकांतून दहा वर्षं लिहीत होते! मी ते रबर दाबत बसले, सोडत बसले. आई म्हणाली, "आता पुरे. तुझंच आहे ते."

आठ दिवसांनी चपला घालून दुकानाबाहेर पडले. रिक्षात शेजारी एक बाई बसली. तिची नजर खाली गेली, काळ्या रबरावर, मागच्या पट्ट्यावर, पायाच्या फडक्यावर. तिने पदर आवरला आणि सरकून अगदी कडेला बसली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. असल्या चपला आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या, महारोग्यांच्या वसाहतीत. परसरामदादा त्यांच्यासाठीही बनवत. त्यांचेही पाय असेच बहिरे होतात, उपाय एकच, चप्पल एकच.

माणसाला रोगावरून दूर ढकलू नका, असं मी लिहिलेलं आहे. ठळक टायपात. आणि रिक्षातून उतरल्याबरोबर मी पहिलं काय केलं? त्या चपला काढल्या, शबनममध्ये कोंबल्या आणि आईच्या पिशवीतल्या जुन्या चपला पायात सरकवल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. तीही घाबरली होती, "लोक काय म्हणतील" यालाच.

*

जखम भरली. कुबड्या सुटल्या. नव्या चपला घरात घालायचे, बाहेर पडताना पिशवीत. महिनाभराने कुळगावात बायकांची सभा होती. चाळीसेक मिनिटं मी उभी राहून बोलले. चांगलं बोलले. टाळ्या पडत होत्या. पुढे बसलेल्या एका म्हातारीने टाळ्या थांबवल्या आणि माझ्या पायाशी बोट दाखवलं.

"बाय, तुझ्या पायाखाली बघ. सतरंजी भिजली."

जुन्या चपलेचा खिळा वर आला होता. मी त्याच्यावर चाळीस मिनिटं उभी होते आणि बायकांना सांगत होते, की आपलं दुखणं ओळखायला शिका.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. करंदीकरबाईंनी खिळ्याचं भोक बघितलं, मग माझी फुगलेली शबनम बघितली. तिच्यातून काळ्या चपला काढून टेबलावर ठेवल्या.

"बरं, पिशवीच्या पायांना शुगर झाली काय?"

मी मान खाली घातली.

"कोणाला घाबरतेस?"

"लोकांना." मग खरं ते सांगितलं. "नाही, बाई. माझी मलाच लाज वाटते. त्यांच्यातली दिसेन म्हणून."

बाईंनी जखम धुतली. पट्टी बांधून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "या वेळी हाड वाचलंय. पुढच्या वेळी मी सर्जनशी भांडणार नाही."

त्या संध्याकाळी मी जुन्या चपला उकिरड्यावर टाकल्या. दुसऱ्या दिवशी काळ्या चपला घालून पालेगावला गेले. बारकूबाईने तिच्या चपला घेतल्याचं परसरामदादांनी सांगितलं होतं. त्या मला ओटीवर खुंटीला टांगलेल्या दिसल्या, कोऱ्या. बारकूबाई अनवाणी अंगणात उभी.

"घालत का नाहीस गं?"

"आलीतल्या बायका बोलतान, बारकूला रगतपिती झाली. लेकाचा लगीन हाय माजे. धाकट्याचा."

रगतपिती म्हणजे महारोग. शेजारच्या दारांतून तीन-चार बायका डोकावतच होत्या. मग काय! सभा आयती जमली होती. मी अंगणात चालून दाखवलं, इकडून तिकडे, परेडसारखं. "या चपला बघून घ्या! मला शुगर आहे, पायाला समजत नाही, म्हणून या घालते. ज्यांना महारोग आहे तेही घालतात, त्यांच्याही पायाला समजत नाही. चपलेमुळे कोणाला रोग लागत नाही. चप्पल नसली तर मात्र उंदीर लागतो, विचारा बारकूबाईला!"

बायका हसल्या. बारकूबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"न तू कवापासून घालतंस?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "कालपासून," मी म्हणाले.

ती एवढी खदखदून हसली, की तिला ओटीवर बसावं लागलं. "काल! न आज मना शिकवाला आली!" मग हात वर करून तिने खुंटीवरच्या चपला काढल्या. "दे, पट्टा लावून दे. वाकाला नाय येत मना."

*

त्या दिवसापासून मी पहारा करते. सकाळ-संध्याकाळ तळवे बघायचे. वाकून दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून, त्यावर पाय धरून. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. चप्पल घालण्यापूर्वी झाडायची, आत बोट फिरवायचं. एकदा माझ्या चपलेतून बाबांचा हरवलेला ब्लेडचा तुकडा निघाला! घट्टा झाला तर तो स्वतः कापायचा नाही, मग कितीही मोह होवो. गरम पाण्याच्या पिशवीला तर पायाजवळ फिरकू द्यायचं नाही. चिरा पडू नयेत म्हणून खोबरेल, पण बोटांच्या बेचक्यांत नाही, तिथे कोरडं. एवढंच! यासाठी कारखाना लागत नाही, परदेश लागत नाही. आणि हे मला बाराव्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं, याचा मला आजही संताप येतो. म्हणून मी ते पत्रकावर छापलं. मथळा दिला: 'दुखत नाही? मग लगेच दाखवा!'

त्याचं प्रूफ बाबांनी वाचलं. खिडकीपाशी, बोट सरकवत. वाचून झाल्यावर चष्मा तसाच ठेवून माझ्याकडे वळले. "बाय, तुला आरशात नीट दिसतं का सगळं?"

"टाचेचा कडेचा भाग नाही दिसत."

ते खुर्ची घेऊन समोर बसले. त्यांनी माझा पाय हातात घेतला. बोट गेल्यापासून पहिल्यांदाच. चार बोटांकडे बघून त्यांचा हात थांबला. मग टाचेपासून सुरुवात करून ते एकेक इंच बोटाने पुढे सरकत राहिले. अगदी बेचक्यांपर्यंत. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचा हात चहाच्या डब्यावर तसाच थांबला होता.

"चूक नाही," बाबा म्हणाले. "छापायला हरकत नाही."

पुढच्या मे महिन्यात गेटपुढे पुन्हा मोर्चा ठरला. टाळं तसंच होतं. पुन्हा अनवाणी, माझ्याच जुन्या घोषणेवर. मी करंदीकरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चपला घालून जा, मध्ये दोनदा सावलीत बस, पाय बघ. मी काळ्या चपला घालून गेटवर पोचले तेव्हा सगळे थबकले. गेल्या वर्षी गवतातून ओरडलेले बाबांचे मित्र पुढे आले.

"काय गं, लोखंडाची पोर तू! तुला तर चटका लागत नाही. तू कशाला चप्पल घातलीस?"

"लागत नाही म्हणूनच घातली, काका."

ते गोंधळले. बाबा त्यांना बाजूला घेऊन सांगू लागले. ते ऐकून दोन कामगार आणखी जवळ आले. एकाने हळूच विचारलं, "पायाला मुंग्या येतात, तेही हेच का?" माझ्या शबनममध्ये दोन्ही पत्रकं होती. मी त्याला दुसरं दिलं.

मोर्चा पोचला. मी चाललेही, दोनदा बसलेही. घोषणा मात्र बसूनही दिल्या. पण घरी येताना मी सारखी चपलांकडे बघत होते. डांबर तेच होतं, ऊन तेच होतं, आणि माझ्या पायांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. ते सांगतच नाहीत.

आईने दार उघडल्याबरोबर फरशीकडे बघितलं. ठसे नव्हते. बाबांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली. मी पट्टे सोडले, पाय वर घेतला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. टाच. कड. तळवा. खिळ्याची जुनी खूण. गेलेल्या बोटाची जागा. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं, परत मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

आईने गॅस पेटवल्याचा आवाज आला.

"थांब, मी अजून काही बोललो नाही," बाबा तिला म्हणाले.

"तुम्ही वाचा सावकाश," आई म्हणाली. "मी ठेवते चहा."